बाळ टिकावं म्हणून घेतलेल्या गोळ्या: गरोदरपणातल्या शिशाच्या विषबाधेचं एक प्रकरण

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. पेशंटचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिसिनची डॉक्टर आहे, बाळंतपणं करत नाही, त्यामुळे ही बाई माझ्याकडे आली ती पाचवा महिना संपल्यावर आणि तीही फक्त "हिमोग्लोबिन का वाढत नाही ते बघा" एवढ्यासाठी.

पार्श्वभूमी

सुजाता, वय २८. लग्नाला सहा वर्षं. आधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात गर्भ पडला. नवऱ्याचं बॅटरीचं दुकान, म्हणजे गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या खोलायच्या, प्लेटा बदलायच्या, परत भरायच्या. दुकान घरापासून लांब, बाजारात. घरात सासू-सासरे आणि धाकटा दीर. शेती थोडीशी, खाऊन पिऊन बरं घर.

दुसऱ्यांदा गर्भ पडल्यावर घरात जे होतं तेच झालं. कुणी देवाला नवस बोललं, कुणी पत्रिका काढली, आणि सासूच्या माहेरच्या एका नातेवाईकाने बाजूच्या तालुक्यातल्या एका वैद्यांचं नाव सांगितलं की त्यांच्या गोळीने अमकीचं राहिलं, तमकीचं टिकलं. गोळ्या सुरू झाल्या, चारेक महिन्यांत दिवस राहिले, आणि या वेळी तिसरा महिना सुखरूप पार पडला. आता घरच्यांच्या नजरेने बघा, दोनदा गेलं, गोळी सुरू केली, तिसऱ्यांदा टिकलं, याच्यापुढे कुठला रिपोर्ट उभा राहणार? पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरलं म्हणून आधीच सांगून ठेवते.

अडचण

चौथ्या महिन्यापासून तिच्या तक्रारी सुरू झाल्या. पोट साफ होत नाही, मधूनच पोटात पीळ पडल्यासारखी कळ येते, हातपाय ठणकतात, झोप नाही, चिडचिड. यातली एक तरी तक्रार अशी आहे का जी गरोदर बाई सांगत नाही? म्हणून प्रत्येक वेळी "होतं असं, पाणी जास्त प्या" हे उत्तर मिळालं. एकदा पोटात इतकं दुखलं की लवकर कळा सुरू झाल्या समजून एक रात्र ॲडमिट केलं, गर्भाशय शांत होतं, सकाळी घरी सोडलं.

हिमोग्लोबिन ८.४. लोहाच्या गोळ्या झाल्या, मग सलाईनमधून लोह दिलं, महिन्याने ८.६. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी थॅलॅसिमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल म्हणून एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार बघायची तपासणी केली, नॉर्मल. फेरिटिन केलं, शरीरात लोह भरपूर. म्हणजे लोह आहे पण वापरलं जात नाहीये. इथे त्यांनी मला रेफर केलं, आणि ते वेळेवर केलं असंच मी म्हणेन, कारण खूप ठिकाणी बाळंतपणापर्यंत लोहच देत राहतात.

आमच्याकडे रक्ताची काच परत बघितली. पॅथॉलॉजिस्टचा फोन आला, रिपोर्ट छापायच्या आधीच, "हिचा नवरा काय करतो?" लाल पेशींवर निळसर ठिपके होते. असे ठिपके थॅलॅसिमियातही दिसतात पण तो आधीच बाद झाला होता. मी म्हटलं बॅटऱ्यांचं दुकान आहे. ते म्हणाले, मग शिसं बघा.

पहिला निर्णय: तपासणी करायची का

आज वाचताना वाटेल यात विचार करण्यासारखं काय होतं. पण रक्तातलं शिसं ही तपासणी आपल्याकडे गरोदरपणात कोणी करत नाही, आमच्या गावात होत नाही, सॅम्पल मुंबईला पाठवावं लागतं, त्यासाठी धातूचा अंश नसलेली वेगळी ट्यूब लागते, आणि खर्च पेशंटच्या खिशातून. शिवाय आकडा जास्त आला तर पुढे काय हे आपल्याकडे ठरलेलं हवं, नाहीतर घरच्यांना नुसती भीती देऊन पाठवल्यासारखं होतं. नवऱ्याचा धंदा बघता करायचीच असं ठरवलं आणि त्याचंही रक्त त्याच वेळी घेतलं. हे जे शेवटचं केलं त्याचा पुढे फार उपयोग झाला.

रिपोर्ट आला: सुजाता ५२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. नवरा १७.

अंदाज यावा म्हणून सांगते, शिशाची सुरक्षित अशी पातळी कोणतीच नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शनात आणि डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मार्गदर्शनात गरोदर बाईला ५ किंवा जास्त आलं की उगम शोधा असं आहे, आणि ४५ च्या वर गेलं की शिसं बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार करा. ही ५२ वर होती. सॅम्पल घेताना बाहेरचं शिसं मिसळून खोटा आकडा येऊ शकतो म्हणून लगेच दुसरं सॅम्पल पाठवलं, पण त्याची वाट बघत बसलो नाही, कारण उगम शोधायला दुसऱ्या रिपोर्टची गरज नव्हती. (तो नंतर ५० आला.)

उगम शोधताना

सगळ्यांनी गृहीत धरलं की नवऱ्याच्या कपड्यांवरून घरात आलं. असं खरंच होतं, बॅटरीच्या कामातली धूळ कपड्यांवर, केसांवर, चपलांवर बसून घरी येते आणि कपडे धुणाऱ्या बाईच्या आणि रांगणाऱ्या पोराच्या पोटात जाते. तो बिचारा आल्यापासून मान खाली घालून बसला होता.

पण आकडे जुळत नव्हते. जो दिवसभर त्या धुळीत बसतो त्याचं १७ आणि त्याचे कपडे धुणारीचं ५२, हे कसं? मग घरातल्या बाकीच्यांचंही बघितलं. सासूचं ४, दिराचं ६. म्हणजे एका घरात, एका चुलीवरचं खाणारी माणसं आणि एकटीच वर. इथे बऱ्याच गोष्टी एका झटक्यात बाद झाल्या. हळद असती, म्हणजे पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळलेली (बांगलादेशात हे मोठ्या प्रमाणात सापडलं होतं), तर सगळ्यांना लागली असती. पितळेच्या भांड्यांची कल्हई, ज्यात कथलाबरोबर स्वस्त म्हणून शिसं मिसळतात, तीही सगळ्यांना. घराचा जुना ऑइलपेंट, तेच. पाणी, तेच. कुंकू सासूही लावते, त्याच डबीतलं.

उरलं ते फक्त तिच्याच तोंडात जाणारं. डोहाळ्यांत माती, खडू, भाजलेलं मडकं खाणाऱ्या बायका असतात, लाजून सांगत नाहीत, म्हणून ते विचारलं. नाही म्हणाली. औषधं विचारली, तर लोह आणि कॅल्शियम. हाच प्रश्न तिला आधी बऱ्याच जणांनी विचारला होता आणि हेच उत्तर मिळालं होतं.

दोन्ही वेळा सासू शेजारी बसली होती. आमच्या सिस्टर जुन्या आणि हुशार, त्यांनी सासूबाईंना केसपेपरवर शिक्का मारून आणायला खाली पाठवलं आणि सुजाताजवळ बसून साधंच विचारलं, "ताई, बाळ राहावं म्हणून घरच्यांनी काय काय केलं गं? माझ्या बहिणीला तर आमच्या आईने सात ठिकाणी नेलं होतं." मग तिने सांगितलं. लालसर गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, दुधातून, दिवस राहायच्या आधीपासून. मग सांगितलं का नाही? तर वैद्यांनी बजावलं होतं की डॉक्टरांना सांगू नका, ते बंद करायला लावतात आणि मग गर्भ राहत नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा डबी घेऊन आला. प्लास्टिकची पांढरी डबी, वर काही लिहिलेलं नाही, आत हाताने वळलेल्या गोळ्या. वैद्यांना फोन लावला, त्यांनी लपवलं नाही हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे, म्हणाले गर्भपाल रस आहे, मी स्वतः बनवतो. गर्भपाल रस हे जुन्या ग्रंथांतलं औषध आहे आणि त्याच्या पाठात हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म आणि वंगभस्म म्हणजे कथलाचं भस्म असतं. म्हणजे इथे शिसं चुकून पडलेलं नाही, भेसळ नाही, ते पाठातच आहे.

गोळी तपासली. शिसं १ टक्क्याच्या वर. हा टक्का ऐकायला छोटा वाटतो म्हणून नवऱ्यासमोर कागदावर हिशोब केला. गोळी पाव ग्रॅमची म्हणजे २५० मिलिग्रॅम, त्याचा एक टक्का अडीच मिलिग्रॅम, दिवसाला दोन म्हणजे पाच मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याने मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी खाण्यातून येणाऱ्या शिशाची जी संदर्भ-मर्यादा धरलीय ती दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, मग विचारलं, "म्हणजे माझ्या दुकानामुळं नाही?" मी म्हटलं दुकानामुळे थोडं असेल, तुमचं १७ सुद्धा चांगलं नाही, पण हे नाही.

हे काही जगावेगळं प्रकरण नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०११-१२ मध्ये अशाच सहा गरोदर बायकांची नोंद केली होती, भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या, रक्तात शिसं १६ ते ६४, आणि औषधात शिसं २.४ टक्क्यांपर्यंत. तिथे त्या सापडल्या कारण त्या राज्यात गरोदर बाईला शिशाबद्दल विचारणं डॉक्टरला कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे पॅथॉलॉजिस्टला ठिपके दिसले म्हणून सापडली.

गोळी बंद करण्यावरून

मला वाटलं होतं उगम सापडला की सोपं होईल. उलट खरी ओढाताण इथे सुरू झाली.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं, "मॅडम, बंद केली आणि काय झालं तर तुम्ही जबाबदारी घेताय का?" आणि सुजाता स्वतःही घाबरलेली, "आत्या म्हणतात ते पण खरंच की." हे अडाणीपणाने बोलत नव्हते, दोन गर्भ गमावलेली माणसं बोलत होती. नुसतं "हे विष आहे" म्हटलं असतं तर डबी घरी गेली असती आणि गोळी चालू राहिली असती, आम्हाला कळलंही नसतं.

म्हणून मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, दोनदा सुरुवातीला गर्भ पडलेल्या बहुतेक बायकांची पुढची खेप कसल्याही औषधाशिवाय तडीला जाते, त्यामुळे गोळीने टिकलं असं म्हणता येत नाही. दोन, शिशाने गर्भ टिकत नाही, उलट पडायचा धोका वाढतो, मेक्सिको सिटीतल्या १९९९ च्या अभ्यासात रक्तातलं शिसं दर ५ मायक्रोग्रॅमने वाढलं की गर्भपाताची शक्यता साधारण १.८ पट झालेली दिसली. तीन, आधीचे दोन गर्भपात मात्र या गोळीमुळे झालेले नाहीत, कारण गोळी त्याच्यानंतर सुरू झाली. हे तिसरं मुद्दाम सांगितलं. घरात आधीच कोणामुळे झालं याची शोधाशोध सुरू होती आणि तिथे आणखी एक खोटं कारण कशाला द्यायचं.

नवऱ्याचा प्रश्न वेगळाच होता. "हिला तर चालता-फिरता येतंय, जेवते-खाते, मग पोटातल्या बाळाला कसं काय होईल?" प्रश्न रास्त आहे. जपानच्या मिनामाता गावाची गोष्ट त्याला सांगितली. १९५० च्या दशकात तिथल्या कारखान्याचा पारा समुद्रात जाऊन माशांत उतरला, आणि ज्या आयांना स्वतःला जेमतेम त्रास होता त्यांची मुलं मेंदूला कायमची इजा घेऊन जन्मली. तोपर्यंत डॉक्टर लोकही समजत होते की वार, म्हणजे प्लासेंटा, बाळाला राखते. शिशाचंही तेच, वार त्याला अडवत नाही, बाळाच्या रक्तातलं शिसं आईच्या जवळपास जातं, आणि मेंदू तेव्हा घडत असतो. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं म्हणून जिथे कॅल्शियमचं काम तिथे ते घुसतं, मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तिथेसुद्धा.

गोळी त्या दिवशी बंद झाली. डबी आमच्याकडे ठेवून घेतली, परत दिली नाही. सासूबाई नाराज होऊनच गेल्या.

पुढे कोणते रस्ते होते

तेव्हा २३ आठवडे झाले होते.

पहिला रस्ता नवऱ्याच्या भावाने बोलून दाखवला, "मग खाली करायचं का?" घरात सगळ्यांच्या मनात तेच असणार. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो आणि त्याच्यापुढे बाळात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. पण इथे व्यंग कुठे होतं? पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नीट होती. आणि अवघड भाग हाच की शिशाने होणारी इजा सोनोग्राफीत दिसतच नाही. हातपाय, हृदय, मणका सगळं जागेवर असतं, फरक पडतो तो शिकण्यात, लक्ष लागण्यात, वागण्यात, आणि तोही किती पडेल हे एका मुलाबद्दल छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. मी त्यांना "बाळ मतिमंद होईल" असं म्हटलं नाही आणि "काही होणार नाही" असंही म्हटलं नाही. निर्णय सुजाताने घेतला, ठेवायचं. तिला एकटीला विचारलं होतं, मग नवऱ्यासमोर परत विचारलं, उत्तर तेच होतं.

दुसरा रस्ता, शिसं बाहेर काढणारं औषध, म्हणजे कीलेशन. आकडा ४५ च्या वर होता, पहिली तिमाही उलटली होती, म्हणजे पुस्तकाप्रमाणे विचार करायलाच हवा होता. पण अडचणी तीन. या कामाचं तोंडाने घ्यायचं डीएमएसए आमच्या भागात मिळत नव्हतं. सहज मिळत होतं ते पेनिसिलामाइन, जे गरोदरपणात बाळाच्या त्वचेला आणि सांध्यांच्या ऊतींना अपाय करू शकतं. आणि शिरेतून द्यायच्या ईडीटीएचे दोन प्रकार असतात, कॅल्शियमवालं आणि सोडियमवालं, नावात एका शब्दाचा फरक आणि चुकीचं दिलं तर रक्तातलं कॅल्शियम कोसळून माणूस दगावतो, तसे मृत्यू झालेले आहेत. जिथे हे औषध वर्षानुवर्षं कोणी हातात धरलेलं नाही तिथे गरोदर बाईला ते देणं मला पटलं नाही. मुंबईला पाठवायचा पर्याय होता आणि तो आम्ही फोनवर बोलून तयार ठेवला.

तिसरा रस्ता, उगम बंद, कॅल्शियम आणि लोह नीट, आणि दोन आठवड्यांनी परत आकडा. चढता राहिला किंवा डोकेदुखी, गुंगी, झटके असं काही दिसलं तर लगेच मुंबई. हा घेतला. विषविज्ञानाच्या तज्ज्ञांशी बोलून घेतला, एकटीच्या जिवावर नाही.

काय केलं

कॅल्शियम दिवसाला १२०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर, लोहाच्या गोळीपासून लांब. हे नेहमीचं टॉनिक म्हणून नाही. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि हाडांत साठलेलं शिसं त्याच्याबरोबर रक्तात येतं. हाडं म्हणजे शिशाची मुदत ठेव, वर्षानुवर्षं पडून राहते आणि नको त्या वेळी मोडते. बाहेरून कॅल्शियम पुरेसं मिळालं तर ही ठेव कमी मोडते. मेक्सिकोत रात्री १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन केलेल्या चाचणीत गरोदर बायकांचं रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी उतरलं होतं. फार नाही, पण फुकटात पडतंय.

नवऱ्याने दुकानात कपडे बदलायला सुरुवात केली, कामाचे कपडे वेगळे धुवायचे आणि ते सुजाताने धुवायचे नाहीत. इथे सासऱ्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं, कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात झाडू बंद, ओलं फडकं, आणि जेवायच्या आधी साबणाने हात. त्याच्या डोक्यावरून संशय गेला म्हणून हे सोडून द्यायचं नव्हतं.

दोन आठवड्यांनी ४५. मग ३९. मग ३५. उतरत होतं म्हणून कीलेशन टळलं. लवकर का उतरत नाही म्हणून नवरा प्रत्येक रिपोर्टला हिरमुसायचा, त्याला वाटायचं गोळी बंद म्हणजे शिसं संपलं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभराने निम्मं होतं खरं, पण हाडांतून परत भर पडत राहते. पोटातली कळ मात्र महिन्याभरात थांबली, पोट साफ व्हायला लागलं, आणि सासूबाईंना बहुतेक तेव्हा पटलं. कागदावरच्या आकड्यापेक्षा सून रात्री झोपते हे त्यांना जास्त कळलं.

३३ व्या आठवड्यात ब्लडप्रेशर १४० च्या आसपास जायला लागलं. शिसं आणि गरोदरपणातलं बीपी यांचा संबंध माहीत आहे, पण या बाईचं त्यामुळेच वाढलं असं मी लिहिणार नाही. बीपीची गोळी सुरू केली, दर आठवड्याला तपासणी.

वैद्य आणि बाकीच्या बायका

डबी एकट्या सुजाताला दिलेली नव्हती हे उघड होतं. मी वैद्यांना भेटायला गेले, भांडायला नाही. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, की शोधन-मारण (धातू शुद्ध करून भाजण्याची आयुर्वेदातली प्रक्रिया) नीट केलेलं भस्म निर्विष होतं, पिढ्यान्पिढ्या देतोय. मी सुजाताचा ५२ चा कागद पुढे ठेवला. भस्म कसं केलं हा वाद आम्ही दोघं बसून मिटवू शकत नव्हतो, पण गोळीतलं शिसं रक्तात उतरतं की नाही हा वाद त्या कागदाने मिटवला होता. ते म्हणाले गरोदर बाईला देणं थांबवतो. किती थांबवलं देव जाणे. हिंगूळ हे द्रव्य औषध-कायद्यातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि त्या यादीतलं काही वापरलं तर डबीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापावी लागते, इथे डबीवर नावसुद्धा नव्हतं. आम्ही लेखी तक्रार दिली, गोळीचा रिपोर्ट जोडून.

पण ज्यांनी ती गोळी घेतलीय त्या बायका कुठून शोधणार? वैद्य यादी देईनात. हे काम शेवटी सासूबाईंनी केलं. कुणाची सून, कुणाची भाची तिथे जाते हे त्यांना बसल्या जागी माहीत होतं. दोघींना त्या घेऊन आल्या, एक चार महिन्यांची गरोदर, तिचं १९ निघालं, दुसरीला दिवस राहायचे होते, तिचं २४. दुसरीला आम्ही थोडं थांबायला सांगितलं, आकडा खाली येईपर्यंत. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात पूर्ण फायदा झाला तो हिचा.

निकाल

३७ व्या आठवड्यात बाळंतपण झालं, बीपीमुळे कळा सुरू करून, नॉर्मल. मुलगी, २.३ किलो, लगेच रडली. आईचं शिसं त्या दिवशी ३१, नाळेच्या रक्तात २६. म्हणजे बाळ पहिल्या दिवसापासून ५ च्या पाचपटीवर.

अंगावर पाजायचं का हा प्रश्न आधीच ठरवून ठेवला होता. आईचा आकडा ४० च्या खाली असेल तर पाजावं आणि बाळाचं रक्त बघत राहावं असं सीडीसी सांगते, कारण आईच्या रक्ताच्या मानाने दुधात शिसं फार कमी उतरतं. ३१ होता, पाजलं. बाळाचं महिन्याने १८, सहा महिन्यांनी ९. कीलेशनची वेळ आली नाही.

वर्षाची झाली तेव्हा ती बसते, उभी राहते, बाबा म्हणते. वजन थोडं कमी. डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढ-विकासाकडे बघणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी केंद्रात) नाव घातलंय, ठरलेल्या अंतराने विकासाची तपासणी होते. आजपर्यंत ठीक. पण शिशाचा परिणाम बऱ्याचदा शाळेत गेल्यावर कळतो, वाचन-गणितात, एका जागी बसण्यात, म्हणून "मुलगी एकदम बरी" असा शेरा आम्ही फाईलवर मारलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणी दोन महिने आधी होऊ शकली असती. पोटात पीळ, बद्धकोष्ठ आणि लोह देऊन न हलणारं हिमोग्लोबिन, या तिन्ही वेगवेगळ्या भेटींमध्ये वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेल्या होत्या, एका कागदावर कुठेच नव्हत्या. आणि नवऱ्याचा धंदा तर कुठेच लिहिलेला नव्हता. गरोदर बाईच्या कार्डावर पतीचा व्यवसाय ही ओळ असते तिथे "नोकरी" किंवा "धंदा" लिहून मोकळे होतात.

औषधाचा प्रश्न सासूसमोर विचारून उपयोग नाही, आणि "दुसरं काही घेता का" असा विचारूनही नाही, कारण त्याचं उत्तर नाही असंच येतं. आम्ही आता गर्भ पडलेल्या प्रत्येक बाईला एकटीला विचारतो, की राहावं म्हणून कुठे कुठे गेलात, त्यांनी काय दिलं, पुढच्या वेळी ते घेऊन या. रागवायचं नाही हे सिस्टर स्वतः आधी सांगतात. निम्म्या जणी काही ना काही आणतात, बहुतेक साधं असतं, शतावरी, दुधातली पूड. गाठायचं असतं ते बाकीचं.

पहिल्या सॅम्पलबरोबर घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं असतं तर आठवडा वाचला असता. आम्ही फक्त नवऱ्याचं घेतलं. खर्चाचा विचार करून घेतलं, तो विचार चुकीचा नव्हता, पण पुढच्या वेळी मी निदान घरातल्या अजून एका बाईचं घेईन, कारण जी माणसं तेच खातात-पितात त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय उगम घरातला की एकटीचा हे कळत नाही.

कीलेशनबद्दल माझं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही. ५२ वर असताना पहिल्याच आठवड्यात मुंबईला पाठवून डीएमएसए दिलं असतं तर नाळेतला आकडा २६ ऐवजी कमी असता का? असू शकतो. पण कीलेशनने आकडा उतरला तरी मुलाच्या बुद्धीत फरक पडतो असं दिसलेलं नाही, लहान मुलांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत आकडा उतरला आणि बुद्ध्यांक तिथेच राहिला, ती मुलं अर्थात जन्मलेली होती, पोटातली नव्हती, आणि त्यांचे आकडेही ४५ च्या खालचे होते. माझ्यासारख्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरने वेगळं ठरवलं असतं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

मागच्या भेटीत सुजाताने विचारलं, दुसरी चान्स कधी घ्यायची. तिचं रक्तातलं शिसं आता ११ आहे. मी सांगितलं ५ च्या खाली येईपर्यंत थांबा, तोपर्यंत तांबी किंवा अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन, आणि दिवस राहिले की पहिल्याच महिन्यात परत रक्त तपासायचं, हाडांतलं अजून संपलेलं नाही. सासूबाई शेजारीच होत्या, त्यांनी तारीख विचारून घेतली.